पनवेल-तळोजात घर घेताय? आधी जमीन कोणाची ते विचारा

पनवेल, तळोजा, करंजाडे, उलवे आणि नैना (विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र) मधली गावं या पट्ट्यातल्या घरांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. या प्रत्येक टप्प्यावर इथल्या घरांच्या जाहिरातींना नवं भरतं आलं. पत्रांमध्ये मात्र विमानतळाबद्दल फार कोणी विचारलेलं नाही. बहुतेकांची अडचण कागदांची आणि हिशेबाची आहे, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : तीन वन बीएचके बघितले. एक तळोज्यात सिडकोच्या सेक्टरमध्ये, दुसरा विचुंब्याला, तिसरा गावठाणाला लागून चार मजली इमारतीत. कामावर जायला तिन्ही सारखेच लांब. तिसरा मात्र पहिल्याच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळतोय. एजंट म्हणतो, "लोकेशनचा फरक." एवढा फरक कसा?
– तळोजा एमआयडीसीत नोकरी करणारे वाचक

हा फरक लोकेशनचा नाही, जमिनीचा आहे. या पट्ट्यात एकाच रस्त्यावर चार-पाच प्रकारच्या जमिनी लागतात आणि प्रत्येकीचे कागद वेगळे असतात.

सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाच्या सेक्टरमधला भूखंड साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेला असतो. म्हणजे घर तुमचं, पण जमिनीची मूळ मालकी सिडकोची. अशा भूखंडांतले पुष्कळसे साडेबारा टक्के योजनेतले आहेत, म्हणजे जमीन संपादित झालेल्या शेतकऱ्याला परत मिळालेले. शेतकरी तो बिल्डरला देतो तेव्हा सिडको, मूळ भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. हा करार नोंदणीकृत आहे का आणि मूळ लाभार्थ्याचे सगळे वारस त्यात आहेत का, हे वकिलाकडून तपासून घ्या. एखादी बहीण किंवा चुलता सहीतून सुटला की वाद कोर्टात जातो, आणि इमारत उभी राहिल्यावरही सोसायटीच्या नावाने भाडेपट्टा होत नाही.

विचुंबे, देवद, सुकापूर, आदई ही गावं नैना क्षेत्रात येतात. २०१३ पासून तिथली नियोजन यंत्रणा सिडको आहे, पण जमीन सिडकोने संपादित केलेली नाही. नगररचना परियोजनेत मालक ६० टक्के जमीन रस्ते, उद्यानं आणि इतर सुविधांसाठी सोडतो आणि ४० टक्क्यांचा अंतिम भूखंड त्याला मिळतो. तो त्याच्या मूळ जागेवरच मिळेल असं नाही. म्हणून नुसता सात-बारा पाहून भागत नाही. बांधकाम परवानगीवर अंतिम भूखंड क्रमांक कोणता आहे आणि त्या भूखंडापर्यंत पोचणारा रस्ता आज जमिनीवर आहे की फक्त नकाशावर, हे जागेवर जाऊन बघा. पाण्याची जोडणी कोण देणार आणि तोवर टँकरचा खर्च कोणाचा, याचं उत्तर करारात लिहून घ्या.

तिसरं घर बहुधा गावठाणालगतच्या, 'गरजेपोटी' म्हणून, म्हणजे प्रकल्पग्रस्तांची राहण्याची गरज दाखवून परवानगीविना बांधलेल्या इमारतीतलं असावं. प्रकल्पग्रस्तांची स्वतःची घरं नियमित करण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यामागची त्यांची गरज खरी आहे. पण त्याच नावाखाली उठवलेल्या इमारतीत फ्लॅट विकत घेणाऱ्याच्या हातात सहसा नोटरी केलेला कागद तेवढा पडतो. मंजूर नकाशा नाही, बांधकाम परवानगी नाही, इमारत राहण्यायोग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नाही. बँक कर्ज देत नाही, म्हणून गिऱ्हाईक फक्त रोखीचं, आणि म्हणून किंमत निम्मी. पुढे विकताना तुम्हालाही हेच गिऱ्हाईक शोधावं लागेल. आमचं मत विचाराल तर हे घर घेऊ नका. भाड्याने राहायचं असेल तर गोष्ट निराळी.

प्रश्न : जाहिरातीत "५२ लाख, ऑल इन्क्लुझिव्ह नाही" असं बारीक अक्षरात होतं. बांधकाम चालू आहे. हातात रोख किती लागेल?
– कामोठे

तुमच्या आकड्यावरच हिशेब मांडू. करारमूल्य ५२ लाख धरलं तर बँक जास्तीत जास्त ८० टक्के देईल, कारण ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा तेवढी आहे. म्हणजे कर्ज ४१ लाख ६० हजार आणि स्वतःचे १० लाख ४० हजार. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो.

त्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे २ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्काचा मूळ दर ५ टक्के आणि त्यावर हद्दीप्रमाणे अधिभार. एकूण ६ टक्के धरले तर ३ लाख १२ हजार. तुमच्या सर्व्हे नंबरला नेमका किती लागतो ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. हे शुल्क करारमूल्य आणि सरकारी वार्षिक मूल्यदर यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक घराच्या किमतीत धरत नाही. बेरीज केली तर स्वतःचे १६ लाख ४२ हजार होतात. पार्किंग, सोसायटीची आगाऊ देखभाल रक्कम आणि वकील यांचा खर्च त्यावर.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून सरकारकडे भरायचा असतो. इथे ते ५२ हजार होतात. हा वेगळा खर्च नव्हे, बिल्डरला द्यायच्या रकमेतूनच तो कापायचा. पण कापला नाही तर व्याज आणि दंड तुमच्या माथी येतो.

घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती जाते. ५२ लाखांवर हा फरक ५२ हजारांचा आहे. कर्ज फेडायला दोघांचं उत्पन्न लागणार असेल तर बँक दुसऱ्याला मालक न करता नुसता सहकर्जदार करायला तयार आहे का, ते आधी विचारा.

४५ लाखांच्या आसपासचं घर बघत असाल तर आणखी एक हिशेब करा. मुंबई महानगर प्रदेशात चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) ६० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का लागतो. या 'एकूण किमती'त पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), क्लब हाउस सगळं धरलं जातं. ४४ लाख ५० हजारांच्या घराला ३ लाखांचं पार्किंग जोडलं की किंमत साडेसत्तेचाळीस लाख होते आणि जीएसटी ४४ हजार ५०० वरून २ लाख ३७ हजार ५०० वर जातो. म्हणजे ३ लाखांच्या पार्किंगपायी जवळपास २ लाखांचा कर वाढला. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या तयार घराला जीएसटी लागतच नाही.

प्रश्न : प्रदर्शनात १ लाख रुपये टोकन दिलं. आठवड्याने घरच्यांनी नको म्हटलं. बिल्डरचा माणूस म्हणतो, टोकन परत मिळत नाही.
– डोंबिवली

पावतीबरोबर वाटपपत्र दिलं असेल तर ते काढून वाचा. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या नमुना वाटपपत्रात १५ दिवसांत रद्द केल्यास काहीच कापायचं नाही, असं कलम आहे. १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. तुमचा एकच आठवडा झाला आहे, तेव्हा आजच ई-मेलने लेखी रद्द करा. फोनवर बोलू नका, बोललात तर तेच लगेच लिहून पाठवा. वाटपपत्र दिलंच नसेल तर ई-मेलमध्ये तेही नमूद करा आणि तक्रार महारेराकडे न्यायची तयारी ठेवा.

टोकन देण्याआधीचं काम पाच मिनिटांचं आहे. जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड असणं ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो स्कॅन करून तीन गोष्टी बघा : पूर्णत्वाची तारीख मूळ किती होती आणि कितीदा वाढवली, जमिनीवर कोणाचा बोजा आहे, आणि प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी) कितव्या मजल्यापर्यंतचं आहे. हा तिसरा मुद्दा इथे फार महत्त्वाचा. पहिलं प्रमाणपत्र बऱ्याचदा जोत्यापर्यंतच असतं. विमानतळामुळे इमारतींच्या उंचीला विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा आहे. अठराव्या मजल्याचं घर विकत असतील आणि परवानगी बाराव्यापर्यंतच असेल, तर तुमचं घर आज कागदावरसुद्धा नाही.

आणि एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला घेताच येत नाही, रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार. "करार दिवाळीनंतर करू, तोवर २० टक्के भरा" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

प्रश्न : बिल्डरने "फिट-आउटसाठी ताबा" म्हणून चाव्या दिल्या. ओसी "प्रोसेसमध्ये" आहे. राहायला जावं का? करारातली तारीख उलटून १४ महिने झाले.
– करंजाडे

राहायला जाऊ नका. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीला कायमची पाण्याची जोडणी मिळत नाही, बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या विजेवर लिफ्ट आणि पंप चालतात, आणि अग्निशमन यंत्रणेची अंतिम तपासणी झालेली नसते. एकदा लोक राहू लागले की ओसीसाठी धावपळ करायची बिल्डरची निकड संपते. इथल्या कित्येक इमारती याच अवस्थेत वर्षानुवर्षं टँकरवर आहेत.

चाव्यांबरोबर कशावर सही करायला सांगतात तेही बघा. "ताबा समाधानकारक मिळाला, कोणतीही मागणी उरलेली नाही" अशी ओळ असेल तर ती खोडल्याशिवाय सही करू नका. उशिराबद्दल तुमचा हक्क शाबूत आहे. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार तुम्ही व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसे मागू शकता, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागू शकता. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या आधारभूत दरापेक्षा) २ टक्के जास्त आहे. तुम्ही भरलेल्या रकमेवर १४ महिन्यांचं व्याज थोडंथोडकं नसतं. तक्रार ऑनलाइन होते. आधी महारेराच्या सलोखा मंचाकडे जाण्याचा पर्यायही आहे. आदेशाप्रमाणे बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथे वेळ लागतो, हे धरून चाला.

तुम्ही किती टक्के भरलेत ते लिहिलेलं नाही. नमुना करारात रक्कम कामाशी बांधलेली आहे : करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, आतल्या भिंती, गिलावा, फरशी आणि दारं-खिडक्या झाल्यावर ७५, आणि लिफ्ट, पंप, वीज वगैरे झाल्यावर ९५. शेवटचे ५ टक्के ओसी मिळाल्यावर ताबा देताना. ते ५ टक्के अजून तुमच्याकडे असतील तर तसेच राहू द्या. ओसीशिवाय देऊ नका.

प्रश्न : करारात चटईक्षेत्र ३८.५० चौरस मीटर लिहिलं आहे. आम्ही टेप लावून मोजलं तर ३५.६० भरतं. फसवणूक झाली का?
– नवीन पनवेल

तुम्ही बहुतेक फक्त खोल्यांची लांबी-रुंदी गुणून बेरीज केली आहे. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जाडीही चटईक्षेत्रात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत.

आता पुन्हा मोजा. गिलावा झालेल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर, प्रत्येक खोली दोन ठिकाणी. संडास-बाथरूम, स्वयंपाकघर, मधला बोळ आणि दारांच्या चौकटीखालची जागाही घ्या. मग आतल्या प्रत्येक भिंतीची लांबी गुणिले जाडी वेगळी काढून त्यात मिळवा. भिंतींचे समजा १.९० चौरस मीटर भरले तर एकूण ३७.५० होतात, म्हणजे तूट १ चौरस मीटरची, २.६ टक्के.

नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतच्या फरकाला मुभा आहे, म्हणून बिल्डर "चालतंय" म्हणेल. पण मुभा म्हणजे माफी नव्हे. या मर्यादेत क्षेत्र कमी भरलं तरी जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे, असं तेच कलम म्हणतं. घर ५२ लाखांचं धरलं तर हा एक चौरस मीटर सुमारे १ लाख ३५ हजारांचा होतो. वास्तुविशारदाकडून मोजणी करून घ्या आणि लेखी मागा. तूट ३ टक्क्यांहून जास्त निघाली तर तो करारभंग आहे.

आणि "६५० स्क्वेअर फूट सेलेबल" वगैरे आकडे तुलनेतून काढून टाका. चटईक्षेत्राचे चौरस मीटर गुणिले १०.७६४, हे तुमचे खरे चौरस फूट. त्यानेच किमतीला भागा.

प्रश्न : खारघरला १२ वर्षं जुनं घर रिसेलमध्ये घेतोय. मालक म्हणतात, सगळे कागद तयार आहेत. नेमकं काय मागायचं?
– एक वाचक, ठाणे

बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक व्यवहाराचा मूळ नोंदणीकृत करार आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा). मधला एक जरी हरवलेला असेल तर बँक अडते. ओसी. सोसायटीचं भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), ज्यावर प्रत्येक हस्तांतरणाची नोंद असते. सोसायटीचं ना हरकत आणि थकबाकी नसल्याचा दाखला. कर्ज असेल तर बँकेचं पत्र. जमीन अजून भाडेपट्ट्यावर असेल तर सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं का, ते सिडकोच्या वसाहत विभागात विचारा आणि लागत असेल तर कोण भरणार ते विसार पावतीतच लिहा.

इथे खास बघायचा कागद म्हणजे मालमत्ता कराचं बिल. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि सिडको वसाहतींतल्या घरांना त्या तारखेपासूनच्या कराची बिलं २०२१ मध्ये एकदम आली. सिडकोचे सेवा शुल्क भरत असताना पुन्हा हा कर कशाला, म्हणून पुष्कळांनी तो भरला नाही आणि वाद न्यायालयात गेला. रहिवाशांचा राग समजण्यासारखा होता. पण थकबाकी घरावर राहते, मालकावर नाही. खरेदी झाली की बिल तुमच्या दारात. २०१६ पासूनचा उतारा काढा आणि उरलेली रक्कम किमतीतून वजा करा.

सोसायटी हस्तांतरण अधिमूल्य म्हणून मोठी रक्कम मागत असेल तर महापालिका हद्दीत कमाल मर्यादा २५ हजारांची आहे. 'विकास निधी' किंवा 'ऐच्छिक देणगी' या नावाने त्याहून जास्त मागता येत नाही.

प्रश्न : तळोज्यात वास आणि पाणी यांबद्दल उलटसुलट ऐकतो. घेण्याआधी खात्री कशी करायची?
– घाटकोपर

रविवारी दुपारी एजंटबरोबर जाऊन कळणार नाही. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन साचते आणि कारखान्यांतून निघालेला वास वर न जाता तिथेच रेंगाळतो. म्हणून रात्री दहानंतर आणि पहाटे पाचच्या सुमाराला, वेगवेगळ्या दिवशी, त्या इमारतीखाली उभे राहा. कासाडी नदी आणि एमआयडीसीची हद्द इमारतीपासून किती लांब आहे ते नकाशावर मोजा. एकाच वसाहतीतल्या दोन सेक्टरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. रात्री गेलातच तर किती खिडक्यांत दिवे आहेत तेही मोजा. अर्धी इमारत अंधारात असेल तर घरं गुंतवणूकदारांची आहेत. मग देखभालीची वर्गणी थकते आणि विकायला काढलं तर एकाच वेळी दहा जण स्पर्धेत असतात.

पाण्यासाठी सोसायटीच्या सचिवांना मार्च ते जूनमधल्या टँकरच्या पावत्या दाखवायला सांगा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. १०० घरं, घरटी चार माणसं, तर ५४ हजार लिटर लागतात, म्हणजे १० हजार लिटरचे जवळपास साडेपाच टँकर. पावत्यांवरून नळाला किती येतं ते लगेच कळेल.

प्रश्न : राहायचं नाही, भाड्यावर हप्ता निघावा म्हणून घ्यायचं आहे. निघेल का?
– नाशिक

साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी लाखामागे महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. वरच्या ५२ लाखांच्या घराच्या ४१ लाख ६० हजारांच्या कर्जावर तो ३६ हजारांच्या वर जातो. त्याच इमारतीत आज किती भाडं मिळतं ते राहणाऱ्या भाडेकरूला विचारा, एजंटला नको. देखभाल, मालमत्ता कर आणि वर्षातला एक रिकामा महिना त्यातून वजा करा. इथल्या वन बीएचकेचं भाडं या हप्त्याच्या जवळपासही जात नाही. दर वाढतील एवढ्याच भरवशावर घेत असाल तर फरक दरमहा खिशातून भरायची ताकद आहे का ते बघा.

घेतलंच तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा. ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरून सुरुवात होते आणि ते खोटं ठरवायचं काम तुमच्यावर येतं.

प्रश्न : नैनामध्ये २ गुंठ्यांचा 'एनए प्लॉट' ९ लाखांत देतात. सात-बारावर सामाईकात नाव लागेल म्हणतात.
– सांगली

बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मागा. ते नसेल तर ही बहुधा शेतजमीनच आहे, आणि शेतकरी नसलेल्याला ती घेता येते का, ते आधी वकिलाला विचारा. सामाईक नावात कुठले दोन गुंठे तुमचे हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्यात ती जमीन नगररचना परियोजनेत गेली तर ६० टक्के सुटून उरलेला भूखंड सगळ्या सहहिस्सेदारांच्या नावाने दुसरीकडे पडेल. दोन गुंठ्यांतले तुमच्या वाट्याला सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागणारे सुमारे ८७० चौरस फूट येतील. ९ लाख बँकेत राहू द्या.